तिसरा आग्रह

शेअर टॅक्सीत शेजारी बसलेल्या बाईने मांडीवरची कागदी पिशवी उघडली आणि इरजपुढे धरून म्हणाली, "घ्या ना." पिशवीत हिरवी आंबट आलुबुखारं होती, नुकतीच धुतलेली, कागद खालून ओला होऊन मऊ पडलेला. इरज म्हणाला, "नको नको, तुम्ही घ्या." ती म्हणाली, "घ्या हो, एवढी मी एकटी कुठे खाणार?" इरज म्हणाला, "खरंच नको, आभारी आहे." बाईने पिशवीचं तोंड मुडपलं, पिशवी पर्समध्ये टाकली आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली. झालं ते एवढंच. कोणाला सांगावं तर तो हसेल. पण इरजचा उजवा हात मांडीवरून चार बोटं वर उचलला गेला होता. ती तिसऱ्यांदा म्हणणार, मग आपण 'बरं, तुमचं मन मोडायला नको' असं पुटपुटत एक उचलणार, हे त्या हाताला इरजच्याही आधी ठाऊक होतं. तोंडाला पाणी सुटलं होतं, जिभेच्या कडा आंबट झाल्या होत्या. हात तसाच अधांतरी राहिला. मग इरजने तो हळूच खाली आणला आणि गुडघ्यावर ठेवला. असंच वाटलं असेल बहरामला. अगदी असंच, फक्त आलुबुखाराच्या जागी कोट.

बहरामला जाऊन आज अकरा वर्षं झाली होती, आणि इरज त्याच्याच घरी निघाला होता. दर वर्षी वसंत सरता सरता या दिवशी बहरामच्या आईकडे, तूबाखानुमकडे, माणसं जमत. हलवा होई, मृतासाठी फातेहाची प्रार्थना म्हटली जाई, चहाची दुसरी फेरी झाली की बहरामचे काका, म्हातारे रहमतकाका, घसा साफ करून म्हणत, "वहिनी, सांगा ना." सगळ्यांना पाठ असलेली ती गोष्ट मग तूबाखानुम पुन्हा सांगे. माझा बहराम डोंगरात ओढ्यात पडला, बर्फाच्या पाण्यात छातीपर्यंत भिजला, पिशवी वाहून गेली, वरून गारा. या इरजने अंगातला कोट त्याच्यापुढे धरला. एकदा धरला, माझा पोरगा नको म्हणाला. दुसऱ्यांदा धरला, नको म्हणाला. तिसऱ्यांदा धरला, तरी नकोच म्हणाला, म्हणाला तुला थंडी वाजेल. इथे बायका डोळे पुसत. तूबाखानुम स्वतः रडत नसे, ती ताठ बसून समोर बघे. पुरुष इरजकडे आदराने बघत आणि इरज गालिच्यातल्या निळ्या फुलाकडे. कारण खरी गोष्ट अशी होती की इरजने दोनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा विचारलंच नव्हतं.

'तीनदा' हा शब्द त्याच्या तोंडून कधी निघाला नव्हता, अकरा वर्षांत एकदाही नाही. या एका गोष्टीला तो बुडत्याने काडीला धरावं तसा धरून होता. सुतकाच्या तिसऱ्या दिवशी भरल्या खोलीत कोणीतरी विचारलं होतं, नेमकं झालं काय, आणि तो म्हणाला होता, "मी कोट देऊ केला. तो नको म्हणाला." यात खोटं काय? त्यावर तूबाखानुमच म्हणाली होती, "तीनदा विचारलं असेल याने. तीनदा विचारल्याशिवाय राहायचा नाही हा." खोलीतून एक हुंदका उठला, कोणीतरी इरजच्या पाठीवर हात ठेवला, आणि इरज गप्प बसला. त्या दिवशी दोन शब्द बोलायचे राहिले ते राहिलेच. पुढच्या वर्षी ते चार झाले असते, त्याच्या पुढच्या वर्षी चाळीस. खोटं बोलणं वेगळं आणि गप्प बसणं वेगळं, असं तो दाढी करताना आरशाला समजावून सांगे. आरसा काही बोलत नसे. आणि आता मनीजेने, बहरामच्या बहिणीने, आठवड्यापूर्वी फोन करून सांगितलं होतं, आईला मी शिराझला माझ्याकडे नेतेय, घर विकलं, यंदाचं हे शेवटचं. म्हणजे आज सांगितलं तर सांगितलं. नाहीतर ती बाई ते खोटं घेऊन शिराझला जाणार, तिथल्या शेजारणींना सांगणार, त्यांच्या डोळ्यांत पाणी आणणार, आणि एक दिवस ते तसंच घेऊन मातीत जाणार. आज सांगायचंच, असं ठरवून तो घरातून निघाला होता. खरं सांगायचं तर मागच्या पाच वर्षांतही तो दर वेळी असंच ठरवून निघाला होता.

टॅक्सी चिनारांच्या रांगेखाली तुंबून उभी होती. बाई मधल्या चौकात उतरून गेली होती, तिच्या जागेवर आता एक जाडा माणूस कुशीत कलिंगड घेऊन बसला होता आणि ड्रायव्हरशी भांडत होता. कोण चूक कोण बरोबर, इरजने ऐकलं नाही. त्याला आगगाडीचा आवाज येत होता. अकरा वर्षांपूर्वीची, डोंगराकडच्या दोरूदला जाणारी ती गाडी. बहराम समोरच्या बाकावर पाय पोटाशी घेऊन बसलेला, आणि मध्ये तूबाखानुमच्या कटलेटचा डबा. बहराम नकाशे छापणाऱ्या छापखान्यात होता. तीन वर्षं तो लुरिस्तान प्रांताचा एक नकाशा छापत आला होता, आणि त्या नकाशात उश्तुरानकूहच्या डोंगररांगेत नखाएवढा एक निळा ठिपका होता, गहर तळं. "तीन वर्षं मी तो ठिपका छापतोय," बहराम म्हणायचा, "कधी कधी निळी शाई जागेवर बसत नाही आणि तळं डोंगरावर चढतं. एकदा जाऊन बघायला पाहिजे, ते खरं कुठे आहे." त्याच्या या एका हट्टापायी दोघं निघाले होते. शुक्रवारच्या सुट्टीत तेहरानमागच्या टेकड्या चढणारी दोन शहरी पोरं. पायांत नवे बूट आणि डोक्यात नको तेवढा आत्मविश्वास. डब्यात शेवटचं कटलेट उरलं. इरज म्हणाला, "घे." बहराम म्हणाला, "छे, तू घे." "अरे घे रे." "नाही म्हणजे नाही, माझं पोट भरलंय." "बहराम, घेतोस की खिडकीबाहेर टाकू?" मग बहरामने ते उचललं, अर्धं एका घासात संपवलं आणि भरल्या तोंडाने म्हणाला, "तिसऱ्यांदा विचारलंस म्हणून हं. आमच्या घरचा कायदा. पहिल्यांदा घेईल तो हावरा, दुसऱ्यांदा घेईल तो उतावळा, तिसऱ्यांदा घेणार नाही तो गर्विष्ठ." दोघंही हसले. तो कायदा तूबाखानुमचा होता आणि इरजला शाळेपासून ठाऊक होता. सगळ्या शहराचाच तो थोडाफार कायदा आहे. तेहरानमध्ये दोन भली माणसं दाराशी समोरासमोर आली तर 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करण्यात आतला चहा निवतो. पण बाकीचे लोक त्यातून पळवाटा काढतात. बहराम काढत नसे. तो दोनदा नको म्हणे आणि मग डोळे मोठे करून वाट बघे. ते डोळे इरजच्या ओळखीचे होते. अज्ञानाची सबब त्याला नव्हती.

डोंगर मात्र सुंदर होता, आणि हे इरज कोणाजवळ कधी बोलला नव्हता. त्या जागेचा राग यायला हवा होता, तो कधी आलाच नाही. जीपने पायथ्याशी सोडल्यावर ओकच्या झाडांतून वाट वर गेली, पालवी अजून कोवळी, ऊन पानांतून हिरवं होऊन खाली येत होतं. वर चढल्यावर झाडं संपली आणि एका उतारावर उलटी ट्यूलिपं लागली. शेकडो, हजारो. लाल फुलं, तोंडं जमिनीकडे, ताठ देठावर मान घालून उभी. बहरामने पाठीवरची पिशवी टाकली आणि तो सरळ उताणा झोपला, एका फुलाखाली डोकं घालून. "इरज, इकडे ये. वरून बघायचं नसतं याला, खालून बघायचं असतं. आत पाणी आहे रे. थेंब लोंबतायत, पडत नाहीत." इरज झोपला नाही. त्याला नवी विजार ओली करायची नव्हती. आज इतक्या वर्षांनी टॅक्सीतल्या कोंडलेल्या उकाड्यात त्याला तेही लागलं. किती छोट्या छोट्या गोष्टींत माणूस स्वतःला जपतो! ते थेंब त्याने पाहिले नाहीत आणि आता पाहता येणार नाहीत, कारण बहरामने ज्या फुलाखाली डोकं घातलं होतं ते नेमकं कोणतं, हे दाखवायला बहराम नाही.

दुपारी काळ्या तंबूंची एक वस्ती लागली, दोन-तीनच तंबू, बकऱ्या, एक भुंकणारं कुत्रं. एका बाईने त्यांना गार ताक दिलं. उन्हाने रापलेली, कपाळावर गोंदण, वय तीस की पन्नास कळू नये अशी. खिंडीकडे बघून ती म्हणाली, "वारा फिरलाय. आज वर जाऊ नका. इथेच झोपा, सकाळी जा." बहराम छातीवर हात ठेवून म्हणाला, "नको आई, तुम्हाला कशाला त्रास." इरजही म्हणाला, "नको नको, आम्ही जातो." बाईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "नको तर नको," ती म्हणाली आणि ताकाच्या पखालीकडे वळली. दोघं वस्ती मागे पडेपर्यंत कसेबसे गंभीर राहिले आणि मग हसून हसून वाकले. "एकदाच!" बहराम म्हणत होता. "अरे एकदाच विचारलं! मी दुसऱ्या नकोची तयारी करत होतो!" खरं म्हणजे दोघांनाही राहायचं होतं. इरजची टाच सोलवटली होती, बहराम त्या तंबूच्या सावलीकडे बघत राहिला होता. पण नको म्हटल्यावर मागे फिरून 'बरं, राहतो' म्हणायला तोंड कुठून आणायचं? भीड भिकेची बहीण म्हणतात. भीक बरी, असं म्हणायची वेळ यायला अजून तीन तास होते.

खिंडीवरून तळं दिसलं. तेवढं तरी झालं. ढग उजवीकडून येत होते, डावीकडे अजून ऊन होतं, आणि त्या उन्हात खाली लांबवर ते पाणी होतं, छापखान्यातल्या कुठल्याच शाईला न जमणारं निळं. बहराम डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून बघत राहिला. मग म्हणाला, "बरोबर जागेवर आहे." त्यानंतर पंधरा मिनिटांत सगळं पांढरं झालं. आधी वारा, मग गारा, मग पाऊस आणि बर्फ एकत्र. वाट कुठे, उतार कुठे, काही कळेना. खाली उतरताना एक ओढा आडवा आला, सकाळी असता तर उडी मारून ओलांडला असता, आता बर्फ वितळून फुगलेला. इरज आधी गेला, दगडांवरून, नशिबाने. बहरामचा पाय दगडावरून सुटला. तो छातीपर्यंत आत गेला, इरजने मनगट धरून त्याला ओढलं, पण खांद्यावरून सुटलेली पिशवी पाण्याने नेली. तिच्यात त्याचा कोट होता, चढताना उकडतंय म्हणून काढून ठेवलेला. बहराम काठावर उभा राहिला, अंगातून पाणी गळत होतं, आणि तो हसला. "शाई पसरली," म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

इथे येऊन इरजचं मन दर वेळी थांबतं. पुढे जात नाही, मागे जात नाही. तो कोट रजईसारखा भरलेला होता, आतून मऊ, आणि आत इरजच्या अंगाची ऊब साठलेली. त्याखाली लोकरी स्वेटर. त्याने कोटाची वरची दोन बटणं काढली आणि म्हणाला, "माझा कोट घे." गळ्यातून वारा आत शिरला, थेट पोटापर्यंत. बहराम म्हणाला, "अरे नको, तूच घाल." इरजने तिसरं बटण काढलं. आता छातीपण उघडी पडली. "घे रे." बहराम म्हणाला, "खरंच नको, चालताना ऊब येते." आणि डोळे मोठे करून त्याने इरजकडे पाहिलं. किती वेळ? एक श्वास, दोन श्वास. त्या दोन श्वासांत इरजला बरं वाटलं होतं. हेच ते. यावर कुठलीही सारवासारव चालत नाही. त्याने नको म्हटलं याचा त्याला आनंद झाला होता, एक छोटा, ऊबदार, किळसवाणा आनंद, आणि बोटं स्वतःहून बटणांकडे गेली होती. एक, दोन, तीन. "बरं, मग चल भरभर," तो म्हणाला होता. बहरामने मान हलवली आणि तो पुढे चालायला लागला. वरचं बटण लावताना बोटं गारठली होती, ते एका झटक्यात लागलं नाही. ते बटण पुन्हा सुटलं असतं तरी चाललं असतं, पण लागलं.

मग मेंढरांचा एक दगडी वाडा, अर्धा पडलेला. तिथे पोचेतो बहराम थरथरायचा थांबला होता आणि इरजला वाटलं, चला, ऊब आली याला. बहराम काहीतरी जडजड बोलत होता, निळ्याबद्दल, शब्द एकमेकांत अडकत होते. तेव्हा इरज घाबरला. तेव्हा त्याने कोट काढला आणि त्याच्या अंगावर घातला, घट्ट गुंडाळला, त्याला छातीशी धरला. तेव्हा बहराम नको म्हणाला नाही. काहीच म्हणाला नाही. मावळतीला त्या वस्तीवरची माणसं खेचर घेऊन आली, बाईनेच धाडली होती, तिला राहवलं नव्हतं. इरज स्वेटरवर कुडकुडतोय आणि कोट मेलेल्याच्या अंगावर, हे त्यांनी पाहिलं आणि खाली जाऊन सगळ्यांना सांगितलं. त्या बाईचा नवरा खेचराचा लगाम धरून चालता चालता इरजला म्हणाला होता, "माझी बायको म्हणाली ना, राहा म्हणून? मग?" इरज म्हणाला, "आम्ही नको म्हणालो." "हां," तो माणूस म्हणाला. "आमच्यात नको म्हणजे नको असतं. तुमच्यात काय असतं?" त्याला टोचायचं नव्हतं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

तेव्हापासून इरज आग्रहाला पेटला होता. चष्म्याच्या त्याच्या दुकानात गिऱ्हाईकाने 'ही काच बरी' म्हटलं तरी तो विचारी, नक्की ना, पुन्हा विचारी, नीट बघा, आणि तिसऱ्यांदा विचारी, मग गिऱ्हाईकाला आपलेच डोळे खोटे वाटायला लागत. त्याच्या घरी जेवायला आलेला पाहुणा पोट धरून परत जाई. दोन वर्षं टिकलेल्या लग्नातून उठून जाताना बायको म्हणाली होती, "तू माणसाला विचारत नाहीस इरज, तू त्याला छळतोस." बरोबर होतं तिचं. एक राहिलेला प्रश्न तो साऱ्या दुनियेला विचारत सुटला होता, आणि ज्याला विचारायचा होता तो सोडून सगळे उत्तर देत होते.

तूबाखानुमच्या गल्लीच्या तोंडाशी तो उतरला. दार उघडंच होतं. आत सामान बांधून ठेवलेलं, भिंतीवरून तसबिरी उतरलेल्या, त्यांच्या जागी स्वच्छ चौकोन. हलव्याचं पीठ भाजल्याचा वास पॅसेजपर्यंत आला होता. तूबाखानुम स्वयंपाकघरात पातेल्यासमोर उभी राहून पीठ परतत होती, पाठ थोडी वाकलेली, डोक्यावरचा रुमाल मानेवर घसरलेला. "आलास? मनीजे खजूर आणायला गेलीय. वरचा चहाचा समोवर काढ बघू, माझा हात पोचत नाही." इरजने समोवर काढला, पुसला, ओट्यावर ठेवला. हात पुसत उभा राहिला. "खालाजान," तो म्हणाला, "तुम्हाला काही सांगायचंय."

"सांग की. हात पिठात आहे, कान मोकळे आहेत."

"मी बहरामला तीनदा नाही विचारलं." आवाज आपला नाहीच असं त्याला वाटलं. "दोनदा विचारलं. तो दोनदा नको म्हणाला आणि मी बटणं लावली. मला थंडी वाजत होती. त्याने नको म्हटलं तेव्हा... तेव्हा मला बरं वाटलं, खालाजान."

पळी फिरत राहिली. पातेल्याच्या कडेने, मग मधून, मग कडेने. इरजने इतकी वर्षं या क्षणाची किती रूपं कल्पिली होती. ती किंचाळेल, थोबाडीत मारेल, जमिनीवर बसेल, त्याचं डोकं छातीशी घेईल. पळी फिरत राहील हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तिसऱ्या दिवसापासून. अरे, मी वाढवलाय त्याला. तिसऱ्यांदा विचारल्यावर नको म्हणेल तो माझा बहराम कसला? एवढासा होता तेव्हापासून, दोनदा नको म्हणायचा आणि डोळे असे मोठ्ठे करून बसायचा. मेलं, डोळे बघूनच कळायचं." ती थोडं हसली. हसणं तोंडावरच राहिलं, तिच्या लक्षात आलं नसावं.

"मग तुम्ही तीनदा का सांगत आलात?"

"का म्हणजे?" आता ती वळली. पळी हातात तशीच. "त्याला तो कायदा शिकवला कोणी? तू? सात वर्षांचा होता. शेजारी बारसं होतं, बशी पुढे आली आणि याने पहिल्याच झटक्यात मिठाई उचलली. सगळ्या बायकांदेखत. मी घरी आणून त्याच्या मांडीला असा चिमटा काढला, असा, की आठ दिवस निळा डाग होता. ओरडला नाही. त्या दिवसानंतर त्याने कोणाचं काही पहिल्यांदा घेतलं नाही कधी." तिने पळीचा हात खाली केला. "तीनदा म्हटलं ना इरज, की माझा पोरगा त्याच्या मोठ्या मनाने मेला. दोनदा म्हटलं की तो माझ्या चिमट्याने मेला. मला सांगायला काय आवडत होतं दर वर्षी? पण सांगत होते. सगळ्यांदेखत सांगत होते, म्हणजे खरं होईल. तू गप्प बसायचास, मला वाटायचं, पोरगं समजूतदार आहे. माझ्यासाठी गप्प बसतंय."

आपण गप्प बसतो ते आपल्यासाठी, हे इरजला ठाऊक होतं. कोणीतरी ते इतकी वर्षं दयेच्या खात्यात धरलं होतं, हे त्याला आज कळत होतं.

"मग आज कशाला सांगितलंस?" तिने विचारलं. रागाने नाही. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

"राहवलं नाही, खालाजान."

"हं." तिने त्याच्याकडे पाहिलं. "तेव्हाही तुला राहवलं नव्हतं."

पीठ लागल्याचा वास आला. ती झटकन वळली, पातेलं उतरवलं, त्यात पाक ओतला. वाफेचा लोट उठला आणि तिचं तोंड दिसेनासं झालं. इरज ओट्याला टेकून उभा राहिला. आपण एक ओझं उतरवलं, असं वाटायला हवं होतं, आणि क्षणभर वाटलंही. खांदे हलके झाले होते, श्वास खालपर्यंत गेला होता. ती ऊब त्याच्या ओळखीची होती. कोटाची तीन बटणं लागल्यावर हीच आली होती. त्याला स्वतःची शिसारी आली. बाहेर मनीजेचा आवाज आला, तिच्यामागे आणखी दोघी-तिघी, मग रहमतकाकांची काठी.

माणसं बसली. गालिचा गुंडाळून ठेवला होता म्हणून नुसत्या सतरंजीवर बसली. फातेहा झाला. हलवा फिरला, एक बाई मनीजेच्या कानात म्हणाली, "यंदा जरा जास्त भाजलाय नाही?" मनीजे म्हणाली, "आईचं लक्ष नाही आता पूर्वीसारखं, घर सोडायचंय ना." चहा आला. दुसरी फेरी आली. रहमतकाकांनी घसा साफ केला. "वहिनी," ते म्हणाले, "या घरातलं हे शेवटचं. सांगा."

तूबाखानुमने सुरुवात केली. ओढा, बर्फाचं पाणी, वाहून गेलेली पिशवी. आवाज रोजचा होता. "या इरजने कोट पुढे धरला. माझा पोरगा नको म्हणाला. दुसऱ्यांदा धरला. नको म्हणाला." आणि ती थांबली. तोंड थोडं उघडं राहिलं, शब्द आला नाही. पुन्हा म्हणाली, "दुसऱ्यांदा धरला," आणि पुन्हा थांबली. बायकांनी रुमाल डोळ्यांपर्यंत नेले होते, ते तिथेच थांबले. मनीजे आईकडे बघायला लागली. म्हातारपण, असं कोणीतरी डोळ्यांनीच म्हटलं. इरजला कळत होतं. ती ते आता म्हणू शकत नव्हती. जोवर खरं काय ते दोघांच्या मनातच होतं तोवर म्हणता येत होतं. आता ते तिच्यासमोर बोलून दाखवणारा माणूस खोलीत बसला होता, त्यानेच तो तिसरा आग्रह तिच्या तोंडातून काढून घेतला होता. आणखी थोडा वेळ तो गप्प राहिला असता तर गोष्ट दोनवरच संपली असती, खरी झाली असती, त्याला एक अक्षरही बोलावं लागलं नसतं. अकरा वर्षं जपलेली ती एकच गोष्ट, की 'तीनदा' हा शब्द आपण कधी उच्चारला नाही, आजही शाबूत राहिली असती. रहमतकाका काठीवर हनुवटी टेकून वाट बघत होते.

"तिसऱ्यांदा मी कोट काढलाच," इरज म्हणाला. सगळी तोंडं त्याच्याकडे वळली. "म्हटलं, आता विचारायचं नाही. काढला आणि त्याच्या खांद्यावर टाकला. म्हटलं, बहराम, घेतोस की ओढ्यात टाकू? तर त्याने तो खांद्यावरून उतरवला, झटकला, आणि मला घातला. स्वतःच्या हाताने. बटणं लावली माझी. एकेक करून. त्याची बोटं गारठली होती, वरचं बटण लागेना, तरी लावलं." त्याचा आवाज फुटला, पण तो थांबला नाही. "म्हणाला, गर्विष्ठ म्हण हवं तर."

कोणीतरी हुंदका दिला. मनीजेने तोंडावर हात ठेवला. तूबाखानुम इरजकडे बघत होती, मान थोडी पुढे काढून, एकही शब्द सुटू नये अशी. तिसऱ्यांदा काय झालं ते ती पहिल्यांदाच ऐकत होती.